उपचार संपले, असे म्हणू नका

ब्रिटनमधील 'मेरी क्युरी' ही १९४८ साली स्थापन झालेली धर्मादाय संस्था. ऑक्स्टेड येथील आपली प्रयोगशाळा तिने बंद केली आणि संशोधनाचा पैसा आयुष्याच्या अखेरच्या दिवसांतील शुश्रूषेकडे वळवला. प्रयोगशाळेवर माझा रोष नाही. उद्याचे औषध तेथेच घडते. पण आजची वेदना उद्यापर्यंत थांबत नाही.

आपल्याकडे मुंबईत १९८६ साली 'शांती अवेदना सदन' उभे राहिले, पुण्यात वारजे येथे १९९७ साली सिप्लाचे केंद्र. परभणीहून दोन्ही दूर, हे खरे. तरीही 'आता घरी न्या' असे रुग्णालयात सांगितले गेले, तर वेदनाशमनाचे काय, हे आपण तेथेच विचारून घ्यावे. मॉर्फिनचे नाव निघताच घरोघरी व्यसनाची धास्ती घेतली जाते. कर्करोगाच्या तीव्र वेदनेत, डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत, ती बहुधा अनाठायी असते. २०१४ च्या कायदेदुरुस्तीने हे औषध मिळणे काहीसे सुकरही झाले. सोबत बद्धकोष्ठतेचे औषध मात्र पहिल्या दिवसापासून हवे. ते राहून जाते आणि मग त्रासाला कंटाळून मॉर्फिनच थांबवले जाते.

शेवटी घास उतरेनासा झाला, तर बळेच भरवू नये. ओल्या कापसाने ओठ भिजवत राहावे.