लाइट परत आल्यावर कोण उठतं?

सर्व्हर चालू झाला की ॲप्लिकेशन आपोआप उठलं पाहिजे, हा प्रश्न आता सुटलेला आहे, असं हल्ली मला वरचेवर ऐकवलं जातं. ‘सिस्टमसीटीएल एनेबल’ मारा आणि मोकळे व्हा. हे सांगणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी स्वतःचा सर्व्हर मुद्दाम बंद करून परत चालू होताना पाहिलेला असतो. वर अपटाइमचा आकडा मिरवतात. वर्षभर बंद न पडलेल्या सर्व्हरवर त्या वर्षात काय काय हाताने बदललं आणि त्यातलं रिबूटनंतर काय टिकेल, हे सांगायला कोणी पुढे येत नाही.

आमच्या पिढीला ही चैन परवडली नाही. 2005 नंतरची काही वर्षं महाराष्ट्रात भारनियमनाची होती. तालुक्याच्या गावी तासन्‌तास लाइट नसायची, यूपीएसच्या बॅटऱ्या मान टाकायच्या आणि सर्व्हर बसायचा. लाइट यायची ती रात्री दोनला, आणि तेव्हा ऑफिसात फक्त वॉचमन. सकाळी काउंटर उघडायच्या आत डेटाबेस, ॲप, प्रिंटिंगची सर्व्हिस, सगळं आपापलं उठलेलं हवं. त्यामुळे हा विषय आम्ही मॅन्युअल वाचून नव्हे, तर वॉचमनला फोनवर ‘काळ्या डब्याचं हिरवं बटण दाबा’ असं सांगत शिकलो.

प्राचीन इतिहास थोडक्यात उरकतो. 1979च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये कर्नल इनिटला, म्हणजे पहिल्या प्रोसेसला, उठवी, इनिट आरसी नावाची एक शेल स्क्रिप्ट चालवी, मग प्रत्येक टर्मिनलवर गेटी बसवी. संपलं. 1983ला सिस्टम फाइव्ह आली, तिच्यात रनलेव्हल आणि इनिटटॅब होते. पुढे मिकेल व्हान स्मूरेनबर्गने तीच पद्धत लिनक्ससाठी लिहिली आणि एस आणि के अक्षरांनी सुरू होणाऱ्या लिंकांचं जंगल आपल्या वाट्याला आलं. एस 85 आधी की एस 90 आधी, यावर आयुष्यातले किती तास गेले त्याचा हिशेब नको. नेटबीएसडीने 2000 साली, 1.5 या आवृत्तीत, आकड्यांऐवजी ‘मला अमुक आधी हवं’ असं स्क्रिप्टच्या माथ्यावर लिहायची सोय केली. शहाणपणाचं काम होतं. आपल्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

ओरॅकलवाल्यांची तऱ्हा आणखी वेगळी. ओराटॅब फाइलमध्ये ओळीच्या शेवटी वाय किंवा एन. एन राहिला असेल तर डीबीस्टार्ट त्या डेटाबेसला हातसुद्धा लावत नाही. त्या एका अक्षरापायी किती सकाळी वाया गेल्या, हे पुण्या-मुंबईचा कोणताही जुना डीबीए सांगेल.

इनिटटॅबमधली एक गोष्ट मात्र हातची जाऊ देणार नाही. तिथे ‘रिस्पॉन’ असा शब्द लिहिता यायचा. त्या ओळीतली प्रोसेस मेली की इनिट ती पुन्हा उठवायचा. म्हणजे मेलेल्याला परत उठवायची विद्या युनिक्सकडे पहिल्यापासून होती. वापरली कशासाठी? लॉगिनची पाटी दाखवणाऱ्या गेटीसाठी. ज्या डेटाबेसवर पगार अवलंबून, तो मात्र स्क्रिप्टने एकदा ढकलायचा, त्याने दोनदा फोर्क करून बॅकग्राउंडला जायचं आणि जाताना आपला नंबर एका पीआयडी फाइलमध्ये लिहून ठेवायचा. लाइट अचानक गेली की ती फाइल ॲपच्या फोल्डरात तशीच पडून राही. बूट झाल्यावर तोच नंबर भलत्याच प्रोसेसला मिळालेला असे, आणि स्क्रिप्ट ऐटीत सांगे: ‘ऑलरेडी रनिंग’.

युनिक्सचा नियम साधा आहे: प्रोसेस मेल्याची खबर कर्नल तिच्या पालकाला देतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांना नाही. तेव्हा ज्याने सुरू केलं त्यानेच शेजारी बसून राहायला हवं. पालक स्क्रिप्ट चालवून निघून गेला, तर पीआयडी फाइल म्हणजे नुसती ऐकीव बातमी. माझं या विषयावरचं सगळं म्हणणं एवढ्यात येतं, आणि ते डी. जे. बर्नस्टाइनच्या डेमनटूल्सने शिकवलं.

क्यूमेल लिहिणारा हाच तो माणूस. डेमनटूल्सची 0.76 ही आवृत्ती 2001ची, आणि तिच्यानंतर त्याने हात लावला नाही, कारण लावायला काही उरलं नव्हतं. एक सर्व्हिस म्हणजे एक फोल्डर, त्यात ‘रन’ नावाची दोन-चार ओळींची स्क्रिप्ट. एसव्हीस्कॅन दर पाच सेकंदांनी नवीन फोल्डर आलंय का बघतो आणि प्रत्येकामागे एक सुपरवाइज बसवतो. ॲपने बॅकग्राउंडला जायचं नाही, समोर बसायचं. मेलं तर सुपरवाइज क्षणभर थांबून पुन्हा उठवतो. दहादा मेलं तर दहादा. कंटाळत नाही.

लॉगची व्यवस्था तर बघत राहावी अशी. ॲप आणि त्याचा लॉग लिहिणारा मल्टिलॉग यांच्यामधला पाइप एसव्हीस्कॅन स्वतः धरून ठेवतो, त्यामुळे दोघांपैकी कोणीही मेलं तरी मधल्या ओळी सांडत नाहीत. मल्टिलॉग मुळातच 99,999 बाइटच्या दहा फाइलींवर थांबतो, म्हणून लॉगने डिस्क भरली ही तक्रारच उद्भवत नाही. आणि या एसव्हीस्कॅनला कोण उठवतं? इनिटटॅबमधली ‘रिस्पॉन’ची एक ओळ! त्या दुर्लक्षित शब्दाचं एवढं सोनं दुसऱ्या कोणी केलं नाही.

बर्नस्टाइनचं लायसन्स तऱ्हेवाईक. 2007च्या अखेरीस त्याने हे सगळं सार्वजनिक करून टाकेपर्यंत बदल करून वाटायची मुभा नव्हती, म्हणून मोठ्या डिस्ट्रिब्यूशनांनी ते दूर ठेवलं. आम्ही कंपाइल करून गावोगावी बसवत होतो तेव्हा आमचे काही स्नेही ‘हे सपोर्टेड नाही’ म्हणून नाकं मुरडत आणि आरसी-लोकलमध्ये ‘नोहप’ आणि अँपरसँड लिहून समाधान मानत. डेमनटूल्सच्या विचाराचे पुढचे वंशज म्हणजे गेरिट पापेचा रनिट, जो आज व्हॉइड लिनक्स चालवतो, आणि लोरां बेर्कोचा एस6.

सोलारिस 10चा एसएमएफ आणि ॲपलचा लाँचडी, दोन्ही 2005चे. 2006ला उबुंटूचा अपस्टार्ट. यांच्यावर कोणी वेगळा लेख लिहावा. मी लिहिणार नाही.

30 एप्रिल 2010 रोजी लेनार्ट पोटरिंगने सिस्टमडी जाहीर केला. फेडोरा 15ने तो 2011ला घेतला, रेड हॅटने 2014ला सातव्या आवृत्तीत. डेबियनच्या तांत्रिक समितीत त्याच वर्षी मतं समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने निकाल लागला. रुसलेल्यांनी देवुआन नावाची वेगळी चूल मांडली. मी रुसलो नाही. सिस्टमडी सर्व्हिसचा सगळा गोतावळा सीग्रुपमध्ये धरून ठेवतो, पीआयडी फाइलवर विसंबत नाही, आणि ॲपने समोरच बसावं हे त्याला पसंत आहे. आमचं म्हणणं त्याने उचललं, नाव न घेता का होईना.

तक्रार आहे ती त्याच्या सवयींबद्दल. युनिट फाइलमध्ये ‘रिस्टार्ट’ची ओळ लिहिली नाही, तर मुळात तो परत उठवतच नाही. लिहिली, तर 100 मिलिसेकंदांत उठवतो, आणि दहा सेकंदांत पाचदा उठवून झालं की हात झटकतो. रात्री दोनला लाइट आल्यावर काय होतं ते बघा. डेटाबेस दुसऱ्या मशीनवर, तो रिकव्हरी करत बसलाय, त्याला दोन मिनिटं लागणार. इकडे ॲप पाच वेळा धडकून क्षणात गप्प, ते थेट सकाळपर्यंत. ‘रिस्टार्ट-सेक’ दहा सेकंद केलं की हे टळतं. एका ओळीचं काम, पण इकडून तिकडून उचललेल्या युनिट फाइलींत ती ओळ क्वचितच असते. तसंच ‘आफ्टर नेटवर्क-टार्गेट’चं: त्याने नेटवर्क खरंच लागलंय याची हमी मिळत नाही, त्यासाठी नेटवर्क-ऑनलाइन वेगळं मागावं लागतं. ‘/run’ हे फोल्डर मेमरीत असतं, त्यात हाताने केलेलं सबफोल्डर रिबूटला नाहीसं होतं. आणि लॉगिन करून चालवल्यावर चालणारं ॲप बूटला चालत नाही, कारण आपल्या प्रोफाइलमधला पाथ तिथे नसतो. हे तर सातव्या युनिक्सपासूनचं दुखणं.

आता कंटेनर आले. क्युबरनेटीज मेलेल्या कंटेनरला दहा सेकंद थांबून उठवतं, मग वीस, मग चाळीस, असं पाच मिनिटांपर्यंत अंतर वाढवत जातं, पण नाद सोडत नाही. हे मला सिस्टमडीपेक्षा जास्त पटतं. तरुण मंडळी मात्र त्या क्रॅशलूपच्या लाल अक्षरांना घाबरून पॉड डिलीट करतात, मग बिचाऱ्याची मोजणी पुन्हा दहापासून. आणि कंटेनरच्या आत ॲप स्वतःच पहिल्या नंबरची प्रोसेस होऊन बसतं. अनाथ पोरं त्याच्या पदरात पडतात, त्यांचं मरण नोंदवायचं त्याला शिकवलेलं नसतं, आणि झोंबी साठत जातात. त्यावर उपाय म्हणून टिनी नावाचा एक चिमुकला इनिट निघाला. 2017च्या जानेवारीत डॉकरने 1.13मध्ये त्यासाठी ‘इनिट’चा पर्यायच देऊन टाकला. परवा एका उत्साही मुलाने मला तो नवा शोध म्हणून समजावून सांगितला. मी त्याला डेमनटूल्सचा सोर्स वाचायला दिलाय. अजून त्याचा फोन नाही.