ऑटोमॅटिक गिअर अडखळतोय? आधी तेल तपासा

जुन्या ऑटोमॅटिक मोटारीचा गिअर उशिरा पडू लागला किंवा बदलताना धक्का बसू लागला, की गिअरबॉक्स उतरविण्याचा सल्ला मिळतो. मात्र, या खर्चिक कामाआधी काही साध्या तपासण्या आवश्यक आहेत.

टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या गिअरबॉक्समधील तेल केवळ वंगण नसते. त्याच्याच दाबाने क्लच आवळले जाऊन गिअर बदलतात. तेल कमी झाल्यास गिअर घसरतो. इंजिनाचे फेरे वाढतात, वेग मात्र वाढत नाही. पातळी काही गाड्यांत इंजिन चालू ठेवून, तर काहींत बंद करून पाहावी लागते. त्यासाठी गाडीची पुस्तिका पाहावी. काळपट तेल आणि जळका वास ही क्लच झिजल्याची लक्षणे होत.

गाडी एकाच गिअरमध्ये अडकून राहत असेल, तर स्कॅनर लावावा. 'पी०७००' हा संकेतांक फक्त गिअर नियंत्रणात दोष असल्याचे सांगतो. नेमका दोष सोबतच्या संकेतांकांतून कळतो. सेन्सर, सोलेनॉइड वा वायरिंगची दुरुस्ती अनेक गाड्यांत गिअरबॉक्स न उतरविताही होते.

एवढे करूनही गिअर घसरत असल्यास तेलाचा दाब मोजून घ्यावा आणि मगच गिअरबॉक्स उघडण्याचा निर्णय घ्यावा.