विश्लेषण : औषध एकदम नको, हळूहळू हवे! सच्छिद्र पदार्थ कसे उपयोगी पडतात?

आयबुप्रोफेनची साधी गोळी घेतली की रक्तातले तिचे प्रमाण साधारण दोन तासांत निम्मे होते. म्हणून दिवसातून तीनदा गोळी. दर वेळी औषध रक्तात झपाट्याने चढते आणि तसेच उतरते. फार चढले तर दुष्परिणाम, उतरले की दुखणे परत. हा चढउतार टाळण्यासाठी औषध अतिसूक्ष्म छिद्रांच्या पदार्थात भरून ते हळूहळू सोडण्याचे प्रयोग सुरू आहेत.

औषध छिद्रांत भरतात कसे?

कृती सोपी वाटावी अशी आहे. औषधाच्या द्रावणात सच्छिद्र पदार्थाची पूड भिजत ठेवायची, मग गाळून वाळवायची. औषधाचे रेणू छिद्रांच्या भिंतींना चिकटून बसतात. शरीरातील द्रव आत शिरला की ते एकेक करून सुटतात. छिद्र अरुंद असेल तर वेग कमी. माद्रिदच्या संशोधकांनी २००१ मध्ये एमसीएम-४१ या सिलिकात आयबुप्रोफेन भरून हे दाखवले. या सिलिकाची छिद्रे काही नॅनोमीटरची असतात. एक ग्रॅम पुडीतील छिद्रांच्या भिंती उलगडल्या, तर क्षेत्रफळ सुमारे हजार चौरस मीटर भरते. म्हणजे चिमूटभर पुडीत जवळपास दहा गुंठे!

नोबेलशी काय संबंध?

धातू आणि सेंद्रिय रेणू जोडून केलेल्या जाळीदार पदार्थांना ‘मॉफ’ म्हणतात. त्यांच्या विकासासाठी सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. फ्रान्समधील व्हर्साय येथे २००६ मध्ये एमआयएल-१०१ या मॉफच्या एका ग्रॅममध्ये १.४ ग्रॅम आयबुप्रोफेन मावले. डब्यापेक्षा आतला माल जड! ते पूर्ण सुटायला सहा दिवस लागले, पण हे प्रयोगशाळेतल्या द्रावणात, रुग्णात नव्हे.

मग अडले कुठे?

त्या जाळीत क्रोमियम होते. औषध सुटल्यावर रिकामा डबा शरीरात राहतो, त्याचे काय, हा खरा प्रश्न आहे. म्हणून संशोधक लोहाच्या जाळीकडे वळले. दुसरी अडचण साधी, पण मोठी. गिळलेली गोळी दोन-तीन दिवसांत शरीराबाहेर जाते, मग सहा दिवस औषध सोडणारी गोळी काय कामाची? त्यामुळे हाडात भरायचे साहित्य किंवा इंजेक्शन, हे मार्ग जास्त शक्यतेचे दिसतात.

तुमच्या गोळीवर ‘एसआर’ लिहिले आहे?

औषध सावकाश सोडणाऱ्या गोळ्या मेडिकलमध्ये आहेतच. नावापुढे एसआर, ईआर किंवा एक्सआर असते. त्यातल्या अनेकांत सिलिकाऐवजी पाण्याने फुगणारा जेल असतो, त्यातून औषध झिरपते. घरातल्या आजी-आजोबांना गिळता येत नाही म्हणून अशी गोळी कुटून दिली, तर दिवसभराचा डोस एकदम रक्तात जाऊ शकतो. आधी डॉक्टर किंवा फार्मासिस्टला विचारा, पर्याय मिळतो. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनच्या काही अशा गोळ्यांचा सांगाडा शौचातून बाहेर पडलेला दिसतो. तेव्हा घाबरून दुसरी गोळी घेऊ नका. औषध त्यातून आधीच निघून गेलेले असते.