हात मागे घे!

माझ्या डाव्या हाताची करंगळी सरळ होत नाही. चहाचा कप धरला की ती आपली वेगळी उभी राहते आणि नव्या माणसाला वाटतं, काय ही ऐट! ऐट कसली, चौदाव्या वर्षी सुटलेला एक झेल आहे तो. इंदूरच्या एका मैदानावर लेदरच्या चेंडूशी माझी नुकतीच गाठ पडली होती. उंच उडालेला चेंडू मी ताठ हातांनी घ्यायला गेलो. तो बोटाच्या टोकावर आदळून खाली पडला आणि मागून मोठी मुलं ओरडली, "अरे, हात मागे घे!" घरी रागावतील म्हणून दोन दिवस बोट लपवलं. तोवर ते वाकडं व्हायचं ते झालं होतं.

पुढे पस्तीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. न्यूटनचा दुसरा नियम समजावताना दर वर्षी ही करंगळी मुलांना दाखवायचो. मुलं हसायची, पण नियम विसरायची नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात हा विषय पुन्हा घरात आला. माझी बारा वर्षांची नात टेनिसच्या चेंडूवरून लेदरच्या चेंडूवर गेली. नवी बॅट आली, पॅड आले, हेल्मेटही आलं. आठवडाभरातच हेल्मेट खुंटीला आणि नात मैदानावर, असा प्रकार सुरू झाला. विचारलं तर म्हणे, "आजोबा, ते जड आहे, घाम येतो, वेणी बसत नाही. आणि आज फक्त स्पिनर आहेत, दहा मिनिटांचा तर सराव!" मी काही बोलणार, तोच तिने हुकमी पत्ता टाकला, "सी. के. नायडू हेल्मेट घालायचे का?"

मी गप्प. कारण ही गोष्ट तिला मीच सांगितली होती. इंदूरच्या मराठी घरांत कर्नल सी. के. म्हणजे घरचाच माणूस. १९२६ मध्ये मुंबईच्या जिमखान्यावर एमसीसीविरुद्ध त्यांनी काढलेल्या १५३ धावा आणि त्यातले ११ षटकार आमच्या वडिलांना तोंडपाठ होते. आणि वयाची पन्नाशी ओलांडल्यावर होळकर संघाकडून मुंबईविरुद्ध खेळताना दत्तू फडकरांचा उसळता चेंडू तोंडावर बसला, दात पडले, तरी ते मैदान सोडून गेले नाहीत, ही गोष्ट तर मी तिला किती वेळा रंगवून सांगितली असेल! शौर्य मी शिकवलं, आणि ते माझ्यावरच उलटलं.

रागावून उपयोग नव्हता. मी स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला आणि लेदरचा चेंडू त्यावर ठेवला. १६० ग्रॅम. टेनिसचा चेंडू ५८ ग्रॅम. "फरक वजनाचा आहेच," मी म्हटलं, "पण खरा फरक मऊपणाचा आहे. टेनिसचा चेंडू आदळला की दबतो, म्हणून थांबायला वेळ घेतो. लेदरचा जेमतेम दबतो."

मग कागद घेऊन बसलो. समजा चेंडू ताशी ७२ किलोमीटर वेगाने आला, म्हणजे सेकंदाला २० मीटर. तू तो तितक्याच वेगाने परत मारलास. वेगातला एकूण बदल ४० मीटर प्रति सेकंद. त्याला ०.१६ किलोने गुणलं की ६.४. हा संवेगातला बदल. आता बॅट आणि चेंडू एकमेकांना किती वेळ चिकटलेले असतात? साधारण एक सहस्रांश सेकंद. डोळ्याची पापणी लवायला याच्या शंभरपट तरी वेळ लागतो. ६.४ ला या वेळाने भागलं की बल येतं ६४०० न्यूटन, म्हणजे सुमारे साडेसहाशे किलो वजनाइतका दाब. एखादी छोटी मोटार त्या क्षणी चेंडूवर ठेवावी, तसा. आणि हा झाला सरासरी आकडा. ऐन क्षणी तो आणखी वाढतो.

नातीचे डोळे मोठे झाले. "एवढा जोर माझ्या हातात आहे?"

"हातात नाही, वेळेच्या तोकडेपणात आहे. त्या एका सहस्रांशात तुझ्या मनगटाला काही करताच येत नाही. टोल्याचा हादरा मुठीपर्यंत पोचून त्याचा परिणाम चेंडूवर व्हायच्या आत चेंडू निघून गेलेला असतो. जे करायचं ते आधी करायचं. बॅट वेगात आणायची आणि चेंडू बॅटच्या भरदार भागावर घ्यायचा. तिथे बसला की हाताला झिणझिण्या येत नाहीत."

मारणाऱ्याला हा तोकडा वेळ फायद्याचा. झेल घेणाऱ्याचं गणित बरोबर उलटं. तोच चेंडू, तोच २० मीटरचा वेग. त्याच्यात ३२ ज्यूल ऊर्जा आहे, आणि ती तुम्हाला कुठेतरी जिरवायचीच आहे. हात ताठ ठेवून तो एका सेंटिमीटरात थांबवला तर बल येतं ३२०० न्यूटन, म्हणजे तीनशे किलोहून जास्त वजनाइतकं. हात मागे नेत २० सेंटिमीटरात थांबवला तर १६० न्यूटन, म्हणजे सोळा किलोच्या आसपास. चेंडू बदलला नाही, वेग बदलला नाही. फक्त थांबायला जागा दिली आणि मार विसावा हिस्सा झाला. माझ्या करंगळीला त्या दिवशी हे एकोणीस सेंटिमीटर मिळाले नाहीत, एवढंच.

हिशेब कागदावर पटतो, पण मनात उतरत नाही. म्हणून गच्चीवर जुनी चादर आडवी धरली. एक बाजू मुलाच्या हातात, एक माझ्या, खाली थोडी झोळी. सूनबाईंनी कुरकुरत एकच अंडं दिलं. नातीने ते जीव खाऊन चादरीवर फेकलं. अंडं झोळीत येऊन पडलं, शाबूत! तेच अंडं तिने मग कठड्यावर हळूच आपटलं. पुढचा अर्धा तास गच्ची धुण्यात गेला.

"आता सांग," मी विचारलं, "अंगावर येणाऱ्या चेंडूपासून हात मागे घेता येतो. डोकं?"

ती विचारात पडली.

जवळ उभ्या क्षेत्ररक्षकाचं उदाहरण घ्या. दोन मीटरवरून त्याच वेगाने मारलेला चेंडू एक दशांश सेकंदात पोचतो. माणसाला नुसतं दिसून हलायलाच साधारण त्याच्या दुप्पट वेळ लागतो. इथे धैर्य, सराव, नजर काही कामाचं नाही. मग मी तिला रमण लांबांबद्दल सांगितलं. भारताकडून कसोटी खेळलेला हा फलंदाज फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यात एका क्लब सामन्यात शॉर्ट लेगला उभा राहिला. गोलंदाज फिरकी होता, षटकाचे थोडेच चेंडू उरले होते, म्हणून त्यांनी हेल्मेट मागवलं नाही. फलंदाजाने मारलेला चेंडू डोक्यावर बसला आणि काही दिवसांत ते गेले. ३८ वर्षांचे होते.

'फक्त स्पिनर' आणि 'दहाच मिनिटं' हे शब्द तिला आठवले असावेत. ती काही बोलली नाही.

हेल्मेट काही जादू करत नाही. चेंडूचा संवेग ते गिळत नाही. बाहेरचं कडक कवच मार मोठ्या भागावर पसरवतं आणि आतला फोम दबून चेंडूला थांबायला थोडी जागा आणि थोडा वेळ देतो. आपल्या डोक्याच्या वतीने तेच 'हात मागे घेतं' म्हणा ना!

ज्यांच्या घरी मुलं लेदरच्या चेंडूने खेळायला लागली आहेत, त्यांना एवढंच सांगणं आहे. 'वाढत्या अंगाचं' म्हणून मोठं हेल्मेट घेऊ नका. ते डोक्यावर घट्ट बसायला हवं. हनुवटीचा पट्टा बांधलेला हवा. पुढची जाळी आणि वरची कड यांच्या फटीतून चेंडू आत जाता कामा नये. एकदा जोरदार मार बसला की वरून धड दिसलं तरी ते बदला, कारण आतला फोम आपलं काम करून संपलेला असू शकतो. आणि डोक्याला मार लागल्यावर मूल "मी ठीक आहे" म्हणालं तरी त्या दिवसाचा खेळ थांबवून डॉक्टरांना दाखवा. माझ्यासारखी बोट लपवणारी मुलं आजही असतात.

सी. के. नायडूंची गोष्ट मी अजूनही सांगतो. फक्त शेवटी एक वाक्य जोडतो की, त्या काळात हेल्मेट मिळत नव्हतं, तुला मिळतंय.

परवा नात सरावाला निघाली. वेणी खाली, मानेजवळ बांधलेली, म्हणजे हेल्मेट बसेल अशी. जाताना दारातूनच तिने माझ्याकडे चेंडू उडवला आणि ओरडली, "आजोबा, हात मागे घ्या!"

घेतले. झेल सुटला नाही.