पेंढा गाईचा की अळंबीचा?

आपल्या भाषेने या जिनसेला मोठा अन्याय केला आहे. उकिरड्यावर उगवली तर ती कुत्र्याची छत्री, आणि ताटात आली की अळंबी! शिंपल्याच्या आकाराची जी अळंबी हल्ली शहरांतून घरोघर वाढवतात, तिला धिंगरी म्हणतात. हे नाव तरी बरे. त्यात कुत्रेही नाही आणि छत्रीही नाही.

धिंगरीची खरी आवड लाकडाची. पहिल्या महायुद्धात अन्नाची ओढाताण झाली तेव्हा जर्मनीत झाडांच्या बुंध्यांवर तिची लागवड करून पाहिली गेली. लाकडाला कठीणपणा देणारे लिग्निन नावाचे द्रव्य फार थोड्या जिवांना पचते. धिंगरी ते पचवते. आपल्याकडे म्हैसूरच्या अन्नसंशोधन संस्थेत बानो आणि श्रीवास्तव यांनी १९६२ साली भाताच्या पेंढ्यावर तिची एक जात वाढवली, आणि तेव्हापासून अळंबी म्हटली की पेंढा, असे समीकरणच होऊन बसले.

आमच्या घरी पिशवी टांगायचे ठरले तेव्हा सौ.ने नेमका हाच प्रश्न काढला: "पेंढा आणणार कुठून? आणि गाईच्या तोंडचा काढून आपण भाजी करायची?" प्रश्न बिनतोड होता. दुष्काळी सालात वैरणीचा भाव ज्याने पाहिला आहे, त्याला तो हसण्यावारी नेता येणार नाही.

पण धिंगरीचा पेंढ्यासाठी हट्ट नाही. १९७० नंतरच्या दशकात आपल्याकडे केळीच्या खोडांवरही ती घेऊन झाली. सोयाबीनच्या भुसकटावर ती छान येते; मात्र तेही गुरे खातात. माझ्या मते खरी नजर वळायला हवी ती विदर्भातल्या पऱ्हाट्यांकडे आणि उसाच्या पाचटाकडे. वेचणी संपली की पऱ्हाट्या चुलीत जातात, नाहीतर बांधावर पेटतात. पाचटाला तर उभ्या शेतात काडी लावतात. पऱ्हाट्या टणक, म्हणून त्यांचे बारीक तुकडे करावे लागतात, एवढाच काय तो त्रास.

पुढची कृती सारखीच. माल रात्रभर भिजवावा, ८० अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवावा, निथळावा. मुठीत दाबला तर हात ओला व्हावा, पण पाणी टपकू नये. मग गव्हाच्या किंवा ज्वारीच्या दाण्यांवर वाढवलेले बियाणे थराथराने घालून पिशवी बांधावी व तिला भोके पाडावीत. दोनतीन आठवड्यांत आत सारे पांढरे होते. एक किलो कोरड्या मालातून अर्धा ते एक किलो ताजी अळंबी मिळते. हिरवा डाग दिसला, तर ती पिशवी घराबाहेर काढावी.

ज्यांच्याकडे कॉफीचे फिल्टर रोज चालते, त्यांनी उरलेला चोथाही मिसळावा. मात्र तो त्याच दिवसाचा हवा, शिळ्यावर दुसरीच बुरशी धरते.

पिशवी निजायच्या खोलीत टांगू नये. छत्रीच्या कडा वर वळण्यापूर्वीच ती तोडावी. उशीर झाला की तिची पांढरी पूड हवेत उडते, आणि दम्याच्या माणसाला ती सोसत नाही.