आश्रमातली पथ्ये आणि पालीच्या शेतकऱ्याची कंबर

भातलावणी उरकली की पालीकडच्या वाड्या-वस्त्यांवर एक तक्रार हमखास कानावर येते. "सायेब, कंबर धरलीय. रात्री कूस बदलता येत नाय." राजगडाच्या पायथ्याची ही खाचरे. बायामाणसे दिवसदिवस चिखलात वाकून लावणी करतात, वर पावसाचा मारा. गडी माणसांची चिखलणीत तीच गत.

याच डोंगराळ पट्ट्यात अलीकडे शहरातली माणसे विश्रांतीला येतात. कुठे योगाचे शिबिर, कुठे आयुर्वेदाचे उपचार. पहाटे उठणे, आसने, तेलाची मालिश, ताटात नाचणीची भाकरी आणि रात्री त्रिफळा चूर्ण. त्यासाठी चांगले पैसे मोजतात. ते ऐकून एका बैठकीत एक वयस्कर शेतकरी मला म्हणाले, "आमी रोजच वाकतोय. आमाला कशाला पायजे योग?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात, उरुळी कांचनला सापडते.

उरुळीचा धडा

महात्मा गांधींना गरिबांसाठी निसर्गोपचार सुरू करायचा होता. आधी त्यांनी पुणे शहराचा विचार केला. पण खेड्यातला गरीब माणूस उपचारासाठी शहरात येऊन राहणार नाही, हे ध्यानात आल्यावर त्यांनी तो बेत सोडला आणि मार्च १९४६ मध्ये ते सोलापूर रस्त्यावरच्या उरुळीत आले. काही दिवस राहून त्यांनी स्वतः रोगी तपासले. माती, पाणी, ऊन, साधा आहार आणि रामनाम, एवढेच औषध. गावात जे मिळते त्यावरच उपचार व्हावा, हा त्यांचा आग्रह होता.

पुढे हे काम मणिभाई देसाई यांनी सांभाळले. नुसते उपचार करून भागत नाही, हे त्यांना तिथे दिसले. घरात पोटभर सकस अन्न नाही, दूध नाही, गावात स्वच्छता नाही, मग रोगी बरा होऊन पुन्हा आजारी पडणारच. म्हणून त्यांनी शेती आणि गीर गाईंचे काम हाती घेतले. त्यातूनच १९६७ साली 'बाएफ' ही संस्था उभी राहिली. संकरित गाईंमुळे तिचे नाव आज गोठ्यागोठ्यात माहीत आहे. मणिभाईंना १९८२ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आरोग्याची वाट शेतातून आणि गोठ्यातून जाते, हा उरुळीचा धडा आहे.

राबणे आणि योग

आता त्या शेतकऱ्याच्या प्रश्नाकडे येऊ. लावणीत आपण वाकतो ते एकाच बाजूला, पुढे, आणि तेही तासन्‌तास. तेच स्नायू ताणले जातात, तेच थकतात. आसनात शरीर उलट बाजूलाही वळते, सावकाश, श्वासाच्या तालावर, आणि मध्ये विश्रांती असते. आसनांचा शरीरावर काय परिणाम होतो हे यंत्रांनी मोजून पाहण्याचे काम स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याच्या कैवल्यधाममध्ये केले. ती संस्था १९२४ सालची.

लावणीच्या दिवसांत एवढे करून पाहा. तासाभराने बांधावर यावे, दोन्ही हात कमरेवर ठेवून हलकेच मागे झुकावे. संध्याकाळी गरम पाण्याने अंग शेकावे. मग जेवणाआधी पालथे पडून मकरासन, झेपेल तेवढे भुजंगासन आणि शेवटी शवासन. पंधरा मिनिटे पुरतात. मात्र कळ पायात उतरत असेल किंवा पायाला मुंग्या येत असतील तर आसन थांबवून डॉक्टरांना दाखवावे. गरोदर बायांनी पालथे पडून करायची आसने करू नयेत.

खरा उपाय मात्र वाकणेच कमी करण्याचा. नेरळच्या सगुणा बागेतून पुढे आलेल्या एस.आर.टी. पद्धतीत गादीवाफ्यावर साच्याने भोके पाडून भात टोकतात. चिखलणी नाही, लावणी नाही. तणांवर मात्र वेळीच लक्ष द्यावे लागते. पहिल्या वर्षी सगळे रान न घालता एका खाचरात करून पाहावे.

ताटातले आणि डोंगरातले

शिबिरात जे पथ्य म्हणून वाढतात ते आपल्या वरकस जमिनीत पिकते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तांदळात त्याच्या कितीतरी पट कमी. आपण मात्र नाचणी विकून पोरांच्या हातात बिस्किटाचा पुडा देतो. निदान घरापुरती नाचणी ठेवावी.

त्रिफळा म्हणजे हिरडा, बेहडा आणि आवळा. ही झाडे सह्याद्रीच्या या रानात आहेत. कोवळे फळ उन्हात चांगले वाळवले की बाळहिरडा होतो आणि त्याला पिकल्या हिरड्यापेक्षा भाव चांगला मिळतो. ओलसर माल पोत्यात भरला की बुरशी धरते आणि व्यापारी भाव पाडतो. फांद्या तोडून फळे काढणे म्हणजे पुढच्या वर्षीच्या पिकावर कुऱ्हाड. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात जुन्नर-आंबेगाव भागात हिरड्याची झाडे उन्मळून पडली. हिरड्याला फळ धरायला वर्षे लागतात, तेव्हा मोडलेल्या झाडाची भरपाई सहज होत नाही. बांधावर दोन-चार रोपे आजच लावावीत. ज्या गावांना वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला आहे, तिथे ग्रामसभेने माल एकत्र करून विकला तर सौद्यात हात वर राहतो.

इथे थांबा

साप चावला तर झाडपाला, मंत्र यात एक मिनिट घालवू नये. सरळ प्रतिविषाची लस मिळेल त्या सरकारी दवाखान्यात न्यावे. क्षयाची गोळी आणि साखरेचे औषध कोणाच्या चूर्णावर विसंबून बंद करू नये. बाजारात फिरून पुड्या विकणाऱ्याचे सांधेदुखीचे औषध घेऊ नये. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळल्याचे प्रकार उघडकीस आले आहेत. आयुर्वेदाचे औषध घ्यायचे तर शिकलेल्या, नोंदणी असलेल्या वैद्याकडूनच.

शेवटी सरपंच आणि ग्रामसेवकांना एक विनंती. २०१५ पासून २१ जूनला योग दिन होतो. शाळेत फोटो निघतात, पण तेव्हा आपला शेतकरी रोपांच्या गडबडीत असतो. लावणी उरकल्यावर ऑगस्टमध्ये एक दिवस ठरवा. चावडीवर आरोग्यसेविका आणि योग शिकवणारा माणूस बोलवा आणि लावणी करणाऱ्या बायांना पहिल्या रांगेत बसवा. कंबर त्यांचीच धरते, आणि दवाखान्यात सगळ्यांत शेवटी जातात त्याही त्याच.