लाल होण्याआधीची धग

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत रोलिंग मिलच्या तापभट्टीचं दार उघडलं, की पाठीला गार वारा लागत असतानाही चेहरा भाजून निघतो. मध्ये कुणी पत्रा धरला तर धग तत्क्षणी थांबते. तापलेली हवा पत्र्याला वळसा घालून आली असती. ही धग मात्र प्रकाशासारखी सरळ रेषेत येते, आणि ती आहेच प्रकाश, फक्त डोळ्यांना न दिसणारा. 1800 साली विल्यम हर्शेलने लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात तापमापक ठेवले. तांबड्याच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हतं, तिथे पारा सर्वांत वर चढला. त्या किरणांना आपण अवरक्त म्हणतो.

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण इथल्या जुन्या व्यापारपेठेची. जिल्हा झाला 1 मे 1981 रोजी. जवळ लोखंडाची खाण नाही, कोळशाचीही नाही. भंगार आणि स्पंज आयर्न बाहेरून येतं, आणि तरीही सळई म्हटलं की मराठवाड्यात जालन्याचं नाव निघतं. हे गाव जगतं ते उष्णता लोखंडात घालण्याच्या कसबावर, आणि ती उष्णता दोन वेगळ्या वाटांनी आत शिरते.

पहिली वाट इंडक्शन भट्टीची. तिच्यात जाळच नसतो. तांब्याच्या पोकळ नळीचं वेटोळं, नळीतून सतत फिरणारं पाणी, आणि वेटोळ्याच्या आत सिलिकाचं रॅमिंग मास ठोकून, भाजून तयार केलेलं अस्तर. वेटोळ्यातली वीज सेकंदाला शेकडो वेळा दिशा बदलते, त्यामुळे भंगाराच्या अंगातच भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात आणि लोखंड स्वतःच्याच रोधाने तापतं. 1,600 अंशांच्या पुढे गेलेला रस आणि पाणी वाहणारं तांबं यांच्यामध्ये असते फक्त अस्तराची ती भिंत. टनामागे साधारण 550 ते 650 युनिट वीज लागते. भंगारात ओल किंवा बंद तोंडाचा डबा राहिला, तर आतल्या पाण्याची क्षणात वाफ होऊन रस उसळतो. म्हणून भंगार निवडणाऱ्याची नजर मला भट्टीच्या पॅनेलइतकीच महत्त्वाची वाटते.

दुसरी वाट तापभट्टीची. रसाचे ओतलेले बिलेट थंड झाले, तर लाटण्यासाठी पुन्हा 1,100 ते 1,200 अंशांपर्यंत तापवावे लागतात. विटांच्या लांब बोगद्यात एका टोकाने पुशर बिलेट ढकलतो, दुसऱ्या टोकाने तापलेला बिलेट बाहेर पडतो. जाळ चाटून तापवतो असं वाटतं, पण एवढ्या तापमानाला मोठा वाटा विटा आणि ज्वाळेतून निघणाऱ्या किरणांचा असतो. स्टेफान यांनी 1879 मध्ये मांडलेला नियम इथे लागू पडतो: किरणांची शक्ती निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातानुसार वाढते. भिंत 600 वरून 1,200 अंश सेल्सिअसवर गेली, की तिची धग आठपट होते.

हाच बोगदा नाजूक कामासाठी बांधला, की इन्फ्रारेड कन्व्हेयर भट्टी होते. सौर सेलवरची चांदीची पेस्ट अशाच भट्टीत भाजतात. तिथे विटांच्या जागी क्वार्ट्झच्या नळ्यांमधले टंगस्टनचे दिवे असतात, पट्ट्याच्या वर आणि खाली ओळीने लावलेले. त्यांच्यामागे सिरॅमिक तंतूंचं पांढरं अस्तर. पट्टा म्हणजे निकेल-क्रोमियमच्या तारांची विणलेली जाळी. ती पातळ ठेवतात, कारण प्रत्येक फेरीत जाळीही तापते आणि थंड होते, म्हणजे उष्णता खाते. गरम जाळी लांबते, म्हणून ताण सांभाळावा लागतो. बोगद्याचे विभाग पाडलेले असतात, प्रत्येकाला स्वतंत्र थर्मोकपल आणि स्वतंत्र वीजनियंत्रण. माल किती वेळ भाजायचा ते पट्ट्याचा वेग ठरवतो: तापणारा भाग 3 मीटर आणि वेग मिनिटाला दीड मीटर असेल, तर 2 मिनिटं. विटांची भट्टी तापायला कित्येक तास घेते, दिवे मात्र काही सेकंदांत धगीला येतात.

मग बिलेटसाठी दिवे का नाहीत? सौर सेल पाव मिलिमीटरहूनही पातळ, क्षणात आरपार तापतो. किरण पोलादाच्या पृष्ठभागावरच शोषले जातात. तिथून गाभ्यापर्यंतची वाट उष्णतेला धातूतूनच कापावी लागते, आणि जाड बिलेटमध्ये त्याला मिनिटं जातात. घाई केली तर बाहेर स्केल, म्हणजे ऑक्साइडची खपली, धरते आणि आत गाभा कच्चा राहतो.

माझ्या मते खरी हुशारी तापवण्यापेक्षा थंड होऊ न देण्यात आहे. कंटिन्युअस कास्टिंगमधून निघालेला लाल बिलेट तसाच रोलकडे नेला, तर तापभट्टीचं इंधन वाचतं आणि स्केलमध्ये जाणारं पोलादही.

भट्टीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांचाही विचार व्हायला हवा. वर्षानुवर्षं अवरक्त किरण डोळ्यांवर पडले तर मोतीबिंदू होतो, काच फुगवणाऱ्या कारागिरांमध्ये हे फार पूर्वीच दिसून आलं आहे. आणि नुसत्या गडद काचेने झगमगाट कमी होतो, धग अडेलच असं नाही. अवरक्त अडवणारा चष्मा हवा, आणि तो प्रत्येक पाळीतल्या प्रत्येकाला हवा.

शेवटच्या रोलमधून सळई निघते तेव्हा ती हजार अंशांच्या आसपास असते. पाण्याच्या पेटीतून ती क्षणभर जाते, वरची साल काळी पडून कडक होते. मग कूलिंग बेडवर गाभ्यातली उष्णता हळूहळू बाहेर येते, सालीचा ठिसूळपणा घालवते, आणि काळवंडलेली सळई पुन्हा तांबूस दिसू लागते.